औषधांना दाद न देणारं नैराश्य आणि सायकेडेलिक उपचार : आशा किती, पुरावा किती?

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? बरं.

मागच्या खेपेला आपण विल्यम जेम्सबद्दल बोललो होतो. त्यात ओघानं अळंबीतल्या एका द्रव्याचा उल्लेख आला. नैराश्यावर त्याचे प्रयोग चालू आहेत, एवढं एक वाक्य बोलून आम्ही पुढे गेलो. व्याख्यान संपल्यावर चहाच्या वेळी एक गृहस्थ थांबले. वय साधारण आमच्याच आसपास. म्हणाले, "सर, ते अळंबीचं औषध आपल्याकडे मिळतं का? माझा मुलगा सहा वर्षं डिप्रेशनमध्ये आहे. चार औषधं करून झाली."

आम्ही म्हटलं, नाही, आपल्याकडे मिळत नाही. त्यांनी मान हलवली, कप ठेवला आणि गेले. उत्तर चूक नव्हतं, पण घरी गेल्यावर ते अपुरं वाटत राहिलं. आजचं व्याख्यान म्हणजे त्या गृहस्थांना द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे, असं समजा.

एक खुलासा आधीच करतो. आमच्या नावामागे 'डॉक्टर' लागतं ते तत्त्वज्ञानाच्या प्रबंधामुळे. कोणी कोणतं औषध घ्यावं हे सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण एखादा उपचार 'लागू पडतो' म्हणजे नेमकं काय होतं, त्याचा पुरावा कशाला म्हणायचं, रुग्णाला आलेला अनुभव खरा मानायचा की नाही, हे प्रश्न आमच्या विषयाच्या अंगणातले आहेत. त्यांच्यावर बोलायला हरकत नाही.

'दाद न देणारं' म्हणजे काय?

नैराश्याची किमान दोन वेगवेगळी औषधं, पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे घेऊनही आजार हटला नाही, तर डॉक्टर त्याला औषधांना दाद न देणारं नैराश्य म्हणतात. यातले 'पुरेशा मात्रेत' आणि 'पुरेसे आठवडे' हे शब्द लक्षात ठेवा. शेवटी आपण त्यांच्याकडे परत येणार आहोत.

अमेरिकेत एक फार मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००६ साली आले. सुमारे चार हजार रुग्णांना आधी एक औषध दिलं. त्यानं गुण आला नाही तर दुसरं, मग तिसरं, मग चौथं. पहिल्या औषधावर साधारण तिघांतला एक जण पूर्ण बरा झाला. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीपर्यंत जे पोचले, त्यांच्यात हे प्रमाण शंभरात तेरा-चौदावर आलं. या अभ्यासाच्या हिशेबावर पुढे बरेच वाद झाले, पण पायरीगणिक शक्यता घसरत जाते यावर फारसं दुमत नाही. त्या गृहस्थांचा मुलगा चौथ्या पायरीच्या पलीकडे उभा आहे. अशा घरात 'नवीन औषध' हा शब्द कसा ऐकला जात असेल, याची कल्पना करा.

जुनी ओळख, नवी नोंद

सायलोसायबिन किंवा एलएसडी ही नावं आपल्यापर्यंत येतात ती बहुधा गोव्यातल्या पार्ट्यांवर धाड पडल्याच्या बातम्यांतून. पण यांची पहिली कारकीर्द औषध म्हणूनच सुरू झाली होती.

स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात अल्बर्ट हॉफमन नावाचे रसायनशास्त्रज्ञ सँडोझ कंपनीत काम करत होते. राय या धान्यावर येणाऱ्या अरगट बुरशीतल्या द्रव्यांवर त्यांचं संशोधन चालू होतं. आपल्याकडे बाजरीवर अरगट पडतो, त्याचीच ती भाऊबंद. त्यातून त्यांनी १९३८ साली एलएसडी बनवलं, आणि मनावरचा त्याचा परिणाम १९४३ साली अपघातानं त्यांच्याच लक्षात आला. पुढे १९५८ मध्ये मेक्सिकोतल्या अळंबीतून सायलोसायबिन वेगळं काढलं, तेही हॉफमन यांनीच.

ती अळंबी युरोपात पोचली कशी, ती गोष्ट थोडी थांबून ऐकण्यासारखी आहे. मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतात, डोंगरातल्या एका गावात मारिया साबिना नावाची माझातेक जमातीची वैदू बाई होती. १९५५ साली गॉर्डन वॉसन हे अमेरिकी बँकेतले अधिकारी तिच्या रात्रीच्या विधीला बसले. दोन वर्षांनी त्यांनी 'लाइफ' मासिकात त्यावर लेख लिहिला. मग गावात परदेशी तरुणांची रीघ लागली. पोलीस आले, बाईचं घर जाळलं गेलं, आणि आपण त्या पाहुण्यांना आत घेतलं याचं तिला पुढे वाईट वाटत राहिलं. तिची तक्रार साधी होती. आमच्याकडे ही अळंबी आजाऱ्याचा आजार शोधायला घेतात, नुसता देव शोधायला कोणी घेत नाही. हे तिचं म्हणणं आजच्या विषयाशी थेट जोडलेलं आहे.

'सायकेडेलिक' हा शब्द हंफ्री ऑझमंड या मानसोपचारतज्ज्ञांनी १९५०च्या दशकात घडवला. ग्रीक मुळांवरून अर्थ होतो, मन उघड करून दाखवणारं. त्या काळात युरोप-अमेरिकेतल्या दवाखान्यांत या द्रव्यांवर पुष्कळ काम झालं. मग ती दवाखान्याबाहेर पडली, रस्त्यावर आली, आणि १९७० साली अमेरिकेनं व १९७१ साली संयुक्त राष्ट्रांच्या करारानं त्यांच्यावर कडक बंधनं घातली. आपल्याकडे १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत ही दोन्ही आहेत. संशोधन जवळजवळ थांबलं.

२००६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या रोलंड ग्रिफिथ्स यांनी ३६ निरोगी माणसांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि दार पुन्हा किलकिलं झालं. २०१६ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजात रॉबिन कारहार्ट-हॅरिस यांच्या गटानं औषधांना दाद न देणाऱ्या १२ रुग्णांना सायलोसायबिन दिलं. बाराच रुग्ण, आणि तुलनेला दुसरा गट नाही. पण त्यांतल्या बऱ्याच जणांना आराम पडला, आणि जगभर चर्चा सुरू झाली.

उपचार होतो कसा?

आपल्या डोळ्यांसमोर गोळी म्हटलं की सकाळी नाश्त्यानंतर घ्यायची गोळी येते. हा प्रकार अगदी वेगळा आहे.

आधी रुग्णाची निवड होते. स्वतःला किंवा जवळच्या नात्यात स्किझोफ्रेनियासारखा किंवा बायपोलरचा आजार असेल, तर साधारणपणे घेत नाहीत. कारण अशा माणसाचं मन या औषधानं आणखी विस्कटू शकतं. चालू असलेली नैराश्याची औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवतात. मग उपचारकांबरोबर तयारीच्या बैठका होतात. औषधाच्या दिवशी खोली दवाखान्यासारखी ठेवत नाहीत, घरातल्या बसायच्या खोलीसारखी ठेवतात. रुग्ण पलंगावर पडतो, डोळ्यांवर पट्टी, कानाला संगीत. शेजारी प्रशिक्षित माणसं बसलेली. सहा ते आठ तास हे चालतं. त्यात काहींना विलक्षण शांतता मिळते, काहींना जुनं दुःख ढवळून वर येतं, काहींना भयंकर भीती वाटते, आणि पुष्कळांना एकाच दिवसात हे सगळं होतं. नंतरच्या बैठकांत, जे दिसलं त्याचं करायचं काय, यावर बोलणं होतं.

शरीरात जे घडतं ते थोडक्यात सांगतो. सायलोसायबिनचं शरीरात सायलोसिन होतं, आणि त्याची घडण सेरोटोनिनसारखी असते. मेंदूच्या पेशींवर सेरोटोनिनची जी कुलपं आहेत, त्यांतल्या एका विशिष्ट कुलपात ही किल्ली बसते. १९९८ साली झुरिकच्या संशोधकांनी ते कुलूप दुसऱ्या औषधानं आधीच बंद करून ठेवलं, तर सायलोसायबिनचे भास जवळजवळ नाहीसे झाले. मेंदूच्या चित्रणात असंही दिसतं, की स्वतःबद्दलच्या विचारात गुंतलेल्या भागांचा आपसातला घट्ट मेळ त्या काळात सैल होतो. उंदरांमध्ये एका मात्रेनंतर मेंदूपेशींवर नवे जोड फुटल्याचं २०२१ साली दिसलं आहे. अर्थात उंदराला सहा वर्षांचं नैराश्य नसतं आणि त्याला बापाच्या डोळ्यांतली काळजी वाचता येत नाही, हे विसरून चालणार नाही.

आकडे काय सांगतात?

सगळ्यात महत्त्वाची चाचणी २०२२ च्या नोव्हेंबरात छापून आली. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याचे २३३ रुग्ण, दहा देश. कोणाला २५ मिलिग्रॅम, कोणाला १०, कोणाला फक्त १ मिलिग्रॅम, म्हणजे नावापुरतंच. सगळ्यांना एकदाच. नैराश्य मोजायचं एक माप आहे, शून्य ते साठ गुणांचं. जितके गुण जास्त, तितका आजार मोठा. तीन आठवड्यांनी २५ मिलिग्रॅमच्या गटाचे सरासरी १२ गुण उतरले, आणि १ मिलिग्रॅमच्या गटाचेही पाचाच्या वर उतरले. दोन्हींतला फरक ६.६ गुणांचा. आजार जवळजवळ गेला असं ज्यांच्याबाबत म्हणता येईल, ते मोठ्या मात्रेच्या गटात २९ टक्के होते, तर छोट्या मात्रेच्या गटात ८ टक्के.

इथपर्यंत ऐकलं की टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. पुढचं ऐका. बारा आठवड्यांपर्यंत टिकून राहिलेला गुण पाहिला, तर मोठ्या मात्रेच्या गटात सुमारे २० टक्के, छोट्या मात्रेच्या गटात सुमारे १०. म्हणजे पाचांतल्या एकाला तीन महिने टिकणारा आराम. डोकेदुखी, मळमळ, चक्कर हे त्रास बऱ्याच जणांना झाले. आत्महत्येचे विचार किंवा स्वतःला इजा करून घेण्याचे प्रकार तिन्ही गटांत काही रुग्णांमध्ये दिसले.

लंडनच्याच गटानं २०२१ मध्ये ५९ रुग्णांवर सायलोसायबिनची तुलना एस्सिटालोप्राम या नेहमीच्या गोळीशी केली होती. हे रुग्ण 'दाद न देणाऱ्या' प्रकारातलेच होते असं नाही. सहा आठवड्यांनी, आधी ठरवलेल्या मुख्य मापावर, दोन्हींत ठाम म्हणता येईल असा फरक निघाला नाही. आणि २०२५ च्या जूनमध्ये आणखी मोठ्या, २५८ रुग्णांच्या चाचणीचे पहिले आकडे औषध कंपनीनं जाहीर केले. सहा आठवड्यांनी, निव्वळ बनावट औषधाशी तुलना करता फरक निघाला ३.६ गुणांचा. फरक आहे, तो योगायोगाचा नाही, पण २०२२ च्या आकड्यापेक्षा लहान आहे.

मग ऑस्ट्रेलियानं काय केलं? १ जुलै २०२३ पासून तिथे खास परवानगी मिळालेल्या मानसोपचारतज्ज्ञांना या प्रकारच्या नैराश्यासाठी सायलोसायबिन देता येतं. उलट अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ऑगस्ट २०२४ मध्ये याच कुळातलं म्हणून ओळखलं जाणारं एमडीएमए, मानसिक आघातानंतरच्या आजारासाठी, मंजूर करायला नकार दिला. म्हणजे शहाण्यासुरत्या दोन यंत्रणा साधारण सारख्या प्रश्नाची दोन उत्तरं देत आहेत.

आंधळी कोशिंबीर न जमणारं औषध

असं का होतं? एक कारण तांत्रिक वाटतं, पण ते मुळाशी जातं.

नव्या औषधाची परीक्षा घेताना निम्म्या लोकांना खरं औषध देतात, निम्म्यांना तसंच दिसणारं बनावट. कोणाला काय मिळालं हे रुग्णालाही माहीत नसतं आणि मोजणाऱ्यालाही नसतं. कारण आशेनंही माणूस सुधारतो. ती आशा दोन्ही गटांत सारखी वाटली गेली, की उरलेला फरक औषधाचा, असा हिशेब आहे. आता सांगा, ज्याला छताला पंख फुटलेले दिसले, त्याला आपल्याला काय मिळालं हे कळायचं राहील का? आणि ज्याला काहीच दिसलं नाही, तो मनात म्हणतो, इतकी वर्षं वाट पाहिली, आणि नशिबी बनावट औषध आलं. एकाची आशा चढते, दुसऱ्याची निराशा. मग मापातला फरक औषधाचा किती आणि या दोन मनःस्थितींचा किती, ते वेगळं काढता येत नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठात यावर एक नामी युक्ती केली गेली. तिथे औषध होतं केटामाइन, भुलीचं. नैराश्यावरही त्याचा उपयोग होतो. नैराश्य असलेल्या ४० रुग्णांची दुसऱ्या कारणासाठी शस्त्रक्रिया होणार होती. पूर्ण भूल दिलेली असताना निम्म्यांना केटामाइन दिलं, निम्म्यांना बनावट औषध. रुग्ण झोपलेला, त्यामुळे अनुभव कोणालाच नाही. २०२३ साली निष्कर्ष आले. दोन्ही गटांतल्या बऱ्याच जणांचं नैराश्य उतरलं, आणि दोन्ही गटांत फरक दिसला नाही. आपल्याला केटामाइन मिळालं असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात सुधारणा जास्त होती.

याचा अर्थ काय लावायचा? एक जण म्हणेल, बघा, सगळा खेळ आशेचा आहे. दुसरा म्हणेल, अनुभवच काढून घेतलात तर औषध काम कसं करणार? तिसरा म्हणेल, भुलीच्या इतर औषधांनीही काहीतरी केलं असेल. चाळीस रुग्णांवरून निवाडा होत नाही. पण प्रश्न मात्र लख्ख होतो. तापाच्या गोळीत रुग्णाला काय वाटलं, याला महत्त्व नसतं. इथे रुग्णाला जे वाटतं ते कदाचित औषधाचाच भाग आहे. काही संशोधक भास न घडवणारी, पण मेंदूत तोच बदल करणारी द्रव्यं शोधत आहेत. ती सापडली तर आमचं पुढचं सगळं बोलणं बाद होईल, आणि त्याचा आम्हाला आनंदच होईल. तोपर्यंत अनुभवाचा प्रश्न टाळता येत नाही.

कोणती खात्री खरी?

मागच्या खेपेला आपण पाहिलं, की जेम्सनं १९०२ च्या ग्रंथात गूढ अनुभवाची चार लक्षणं सांगितली. तो शब्दांत मावत नाही. फार वेळ टिकत नाही. आपण तो आणला नाही, तो आपल्यावर आला असं वाटतं. आणि चौथं, त्यात काहीतरी कळल्याची पक्की खात्री असते. नुसतं बरं वाटत नाही, 'कळतं'. सायलोसायबिन घेतलेली माणसं हुबेहूब असंच सांगतात.

आता याच नजरेनं नैराश्याकडे बघा. ज्यांनी घरात हा आजार पाहिला आहे त्यांना पटेल. रुग्ण नुसतं 'मला वाईट वाटतंय' म्हणत नाही. तो म्हणतो, "मी कुचकामी आहे, हे मला आता कळलंय. पुढे काही होणार नाही, मला दिसतंय." आई समजावते, मित्र समजावतात, तो म्हणतो, "तुम्हाला कळत नाहीये." म्हणजे नैराश्यातही तीच खात्री आहे. दुःख असतंच, पण ते दुःख स्वतःला ज्ञान समजतं. म्हणून युक्तिवादानं ते हलत नाही.

आम्हाला असं वाटतं, की या उपचारानं ज्यांना गुण येतो, त्यांच्यात निदान काही जणांची ही खात्री तडकते. सहा तासांसाठी 'मी' नावाची गोष्ट वेगळी वाटू शकते, हे त्यांनी स्वतः अनुभवलेलं असतं. मग जुनं 'मी असाच आहे' हे एकमेव सत्य राहत नाही. ऑस्ट्रेलियातले तत्त्वज्ञ ख्रिस लेथबी यांनी २०२१ च्या पुस्तकात साधारण याच दिशेची मांडणी केली आहे. रुग्णाला देव दिसला की नाही हे ठरवायची गरज नाही. आपली स्वतःबद्दलची प्रतिमा मनानं रचलेली आहे आणि ती बदलू शकते, हे त्याला कळलं, आणि हे ज्ञान खरं आहे.

पण यात एक धोका दडलेला आहे. एक खात्री मोडून तिच्या जागी दुसरी येऊन बसली तर? 'सगळं विश्व प्रेमानं भरलेलं आहे, मला निवडलं गेलं आहे, आता औषधांची गरज नाही' अशी? ती पहिलीपेक्षा सुखाची असेल, पण तीही तपासली गेलेली नाही.

आपल्या परंपरेतला एक जुना वाद इथे कामाला येतो. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात शंकराचार्यांसमोर आक्षेप येतो, की खोट्या साधनातून खरं फळ कसं मिळेल? आचार्य म्हणतात, मिळतं की. विष पोटात गेलं अशा नुसत्या शंकेनं माणूस मेल्याचं दिसतं. कारण खोटं, परिणाम खरा. आजचे डॉक्टर बनावट गोळीनं त्रास होणाऱ्या रुग्णांबद्दल हेच सांगतात. यातून आपल्यापुरत्या दोन गोष्टी घेऊ. अनुभवातलं म्हणणं सिद्ध झालं नाही, म्हणून पडलेला आराम खोटा ठरत नाही. आणि आराम पडला, म्हणून अनुभवातलं म्हणणं खरं ठरत नाही. 'मला विश्वाचं रहस्य कळलं' असं रुग्ण म्हणाला, तर चांगल्या उपचारकानं त्यावर शिक्का मारू नये आणि त्याची थट्टाही करू नये. त्यानं विचारावं, बरं, मग उद्या सकाळी उठल्यावर काय करणार? आईशी बोलणार का? मारिया साबिनाचं म्हणणं आठवा. तिच्यासाठी अळंबी आजाऱ्याच्या कामाची होती.

संमती आणि विश्वास

रुग्णाची संमती घेतात म्हणजे काय? होणार काय ते सांगतात, तो विचार करतो, सही करतो. अमेरिकेतल्या तत्त्वज्ञ एल. ए. पॉल यांनी २०१४ च्या पुस्तकात एक अडचण दाखवली. काही अनुभव असे असतात, की ते आल्याशिवाय कसे असतात ते कळत नाही, आणि आल्यावर आपणच बदललेले असतो. मूल होणं हे त्यांचं गाजलेलं उदाहरण. आईपण काय ते आई झाल्यावरच कळतं. मग आधी केलेली निवड कोणत्या माहितीवर केली? सायलोसायबिनच्या संमतीपत्रावर सही करणाऱ्याची हीच गत आहे. त्यात तो सहा वर्षांच्या आजारानं टेकीला आलेला. अशा माणसाचं 'हो' किती मोकळं असतं?

आणि त्या सहा-आठ तासांत मन अगदी मऊ झालेलं असतं. शेजारचा माणूस जे बोलेल ते खोलवर रुतू शकतं. एमडीएमएच्या एका चाचणीत उपचारकांकडून रुग्णाशी गैरवर्तन झालं, आणि तिच्याशी निगडित शोधनिबंध २०२४ मध्ये मागे घेतले गेले. महाराष्ट्राला हे वेगळं समजावून सांगायला नको. दुःखी माणसाच्या खात्रीवर दुकान चालवणाऱ्या बुवाबाजीविरुद्ध २०१३ साली आपल्याला कायदा करावा लागला. उद्या हा उपचार आपल्याकडे आला, तर तो डॉक्टरांच्या हाती राहतो की औषध हाती लागलेल्या बुवांच्या, हा प्रश्न रसायनाइतकाच महत्त्वाचा असेल.

त्या गृहस्थांना

ते आज आले असतील किंवा पुढे कधी हे ऐकतील, वाचतील. त्यांना आम्ही असं सांगू.

हे औषध सध्या आपल्याकडे कायदेशीर नाही. कोणी पुडी आणून देतो म्हणाला, परदेशातल्या कसल्या शिबिराला मुलाला घेऊन चला म्हणाला, तर जाऊ नका. चाचण्यांत जो आराम दिसला तो निवडलेल्या रुग्णांत, तयारी करून, डॉक्टर हजर असताना दिसला. यातलं काहीच त्या पुडीत येत नाही. आणि नव्या औषधाच्या आशेनं चालू गोळ्या अचानक थांबवू नका.

चार औषधं झाली म्हणालात. तर मानसोपचारतज्ज्ञांसमोर बसून यादी काढा. प्रत्येक गोळी पूर्ण मात्रेत दिली होती का? किती आठवडे? सुरुवातीला सांगितलेले शब्द ते हेच. निदान पुन्हा तपासायला सांगा. थायरॉइड पाहिलं का? बायपोलर तर नाही? औषधाबरोबर नियमित बोलण्याचे उपचार झाले का? दुसरं औषध जोडून पाहिलं का? केटामाइन काही ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ मिळून वापरतात, त्याबद्दल विचारा.

आणि ज्या उपचाराचं नाव काढलं की घरात शांतता पसरते, त्याबद्दलही विचारा. विजेचा उपचार, ज्याला लोक 'शॉक' म्हणतात. सिनेमांनी त्याची दहशत घालून ठेवली आहे. प्रत्यक्षात गंभीर नैराश्यावरच्या सर्वांत परिणामकारक उपचारांत तो मोडतो. तो भूल देऊन आणि स्नायू सैल करूनच करायला हवा. तसं न करता तो देण्यावर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंदी घातली आहे. काहींना त्यानं विसरायला होतं, हेही डॉक्टरांकडून समजून घ्या. गंमत बघा, अळंबीच्या औषधाबद्दल विचारताना आपला आवाज आशेनं भरतो, आणि ज्याचा पुरावा कितीतरी जुना आणि भक्कम आहे त्या उपचाराबद्दल विचारायला जीभ रेटत नाही.

मुलाच्या बोलण्यात मरणाचा विषय आला, तर वाट पाहू नका. त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरांना गाठा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, आणि मराठीतही बोलता येतं.

आणि मुलगा म्हणाला, की बाबा, आता काही होणार नाही, मला कळलंय, तर त्याच्याशी वाद घालू नका. ती खात्री आजाराची आहे, एवढं तुम्ही मनात धरून ठेवा. त्याच्या शेजारी बसा, चहा करा, पुढच्या तारखेला डॉक्टरांकडे बरोबर जा. संशोधन चालू आहे. पाच-दहा वर्षांनी याच सभागृहात कोणी दुसरा वक्ता वेगळे आकडे सांगत असेल. तोवर मुलगा तुमच्याजवळ असायला हवा, आणि त्यासाठी करण्यासारखं आजही पुष्कळ शिल्लक आहे.

वेळ संपत आली. आम्ही इथे थांबतो. ज्यांना प्रश्न विचारायचे आहेत त्यांनी थांबावं, आणि ज्यांना सगळ्यांसमोर विचारायचं नसेल त्यांनी चहाच्या वेळी भेटावं. या खेपेला आम्ही घाईनं उत्तर देणार नाही.